हात न लावण्याची अट

नानांच्या गुलाबाला काय होत नव्हतं तेवढंच विचारावं. पावसात पानांवर काळे ठिपके, थंडीत कळ्यांवर पांढरी भुरी, उन्हाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर माव्याची कीड. बाकीच्या गुलाबांना एखादं दुखणं यायचं आणि जायचं, याच्याकडे सगळी मुक्कामाला यायची. पण फूल उमललं की माणूस हे सगळं विसरायचा. आतून केशरी, कडेला दुधाळ, आणि वास असा की बादलीत चार फुलं ठेवून टेम्पो रस्त्यावर उभा केला तर जाणारी माणसं थांबून चौकशी करायची.

हा गुलाब नानांनी स्वतः तयार केला होता. एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, बी धरायचं, पेरायचं, उगवलेलं बघायचं आणि उपटून टाकायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं. हे रोपही ते उपटायलाच निघाले होते, कारण त्याच्या दुसऱ्याच पानावर ठिपका होता. तेव्हा त्यांची बायको हयात होती. एक फूल तर बघू द्या, म्हणून ती आडवी आली. फूल दिसलं आणि नानांनी खुरपं खाली ठेवलं. बायको गेल्यावर त्यांनी मनाशी एकच गोष्ट धरली होती, की हा गुलाब तिच्या नावानं बाहेर जावा आणि ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावं.

घरामागे त्यांची लांबट पट्ट्याची नर्सरी होती. माती काळी, चिकट, पाऊस पडला की चप्पल गिळणारी. रोपं टेम्पोतून पोचवायचं काम थोरल्या मुलाकडे, आणि डोळे भरायचं काम त्याच्या बायकोकडे. घरात सगळे तिला थोरलीच म्हणत. डोळा भरणं म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा कोंब सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचा. थोरली दिवसाला दोनशे डोळे भरत असे. चौदा वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा तिला कात्री धरता येत नव्हती, आता नाना स्वतःचे खुंटही तिच्यापुढे सरकवायचे. तोंडानं मात्र त्यांनी तिला कधी बरं म्हटलं नाही. त्यांचा हात मुळातच आखडता होता आणि कौतुकाच्या बाबतीत तर मूठ मिटलेलीच.

नवे वाण तपासून सगळीकडच्या नर्सऱ्यांना देणारी एक संस्था होती. तिथल्या तपासनीस बाई एक दिवस आल्या, फुलाला नाक लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग त्यांनी अटी सांगितल्या. अठरा रोपं, तीन वेगळ्या जमिनींत, एक अख्खा पावसाळा. औषध मारायचं नाही. पाणी आणि तण सोडून कशासाठीही हात लावायचा नाही. ठिपक्याचं पान तोडायचं नाही आणि गळालेलं उचलायचंही नाही. पावसाळा संपताना तीनपैकी दोन ठिकाणी निम्मी पानं झाडावर टिकली, तर गुलाब सगळीकडे जाईल. दर रविवारी मोजणी करून लिहायची वही त्यांनी थोरलीकडे दिली, कारण सगळ्यांचं अक्षर बघून त्यांना तिचंच वाचता आलं.

नाना त्या दिवशी दोन वेळा जेवल्यासारखे खूश होते. त्यांनी बाईंना सांगितलं, की थोडंफार लागतं याला, पण आपसूक सावरतो. थोरलीनं हे ऐकलं आणि वही पिशवीत घातली.

सहा रोपं घरच्या काळ्या मातीत लागली. सहा टेकडीवर गेली. तिथे धाकटा दीर पाण्याच्या टाकीची राखण करायचा आणि त्याच्या खोलीमागे नुसता मुरूम होता. सहा खाडीकाठी नणंदेकडे गेली. नणंदेचा नवरा होड्या दुरुस्त करायचा आणि त्यांचं अंगण म्हणजे वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि कायमची दमट हवा.

तिसऱ्या रविवारी थोरली घरच्या वाफ्यात उकिडवी बसून मोजत होती. पाय घोट्यापर्यंत चिखलात, वही प्लास्टिकच्या पिशवीत. मागच्या रविवारी दुसऱ्या रोपाला बासष्ट पानं होती, या रविवारी त्रेचाळीस भरली. एकोणीस पानं कमी झाली होती आणि खाली मातीवर एकही पडलेलं नव्हतं. उरलेली सगळी हिरवीगार होती. तिनं फांदी वाकवून बघितली तेव्हा देठ खुडल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, नखानं घेतल्यासारख्या सरळ.

तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. चौदा वर्षं ती नानांचे सदरे धूत होती. उजव्या खिशात रोज पानांचा लगदा असायचा, तो उलटा करून झाडल्याशिवाय सदरा पाण्यात घालता येत नसे. नाना सकाळी फेरी मारायचे, बोलायचे, खोकायचे, हिशेब सांगायचे, आणि तेवढ्यात त्यांचा हात रोगट पान शोधून खुडून खिशात टाकायचा. डोळे दुसरीकडे, हात झाडाकडे. गुलाब आपसूक सावरतो असं ते म्हणायचे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुपारी तिनं सांगितलं तेव्हा नाना भडकले. अट त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती, ते काय लहान मूल होते का, रोपांजवळ ते फक्त बघायला जात होते. थोरलीनं हात पुढे केला. नानांनी खिशात हात घातला आणि पानं बाहेर आली. एक, दोन, मग मूठभर. मुलगा तिथेच टेम्पोचं चाक बदलत होता, त्यानं मान खाली घालून नट आवळायला घेतला. नाना तळहातावरच्या पानांकडे बघत राहिले. सुनेपुढे असं उघडं पडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती आणि थोरलीलाही ते बघवेना.

तिनंच मार्ग काढला. पावसाळाभर नानांनी लेकीकडे जाऊन राहावं, म्हणजे घरची मोजणी पहिल्यापासून नीट करता येईल. तिथेही सहा रोपं आहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण आता त्यांना कळलंय, कळल्यावर माणूस हात आवरतो, असं तिला वाटलं. नाना दोन सदरे आणि चष्मा घेऊन टेम्पोत बसले. जाताना त्यांनी रोपांकडे बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम.

मग पावसानं बैठक मारली. काळ्या मातीत पाणी साचलं ते हलेना. पानं सकाळी ओली, दुपारी ओली, संध्याकाळी ओली. पहिल्या आठवड्यात खालच्या पानांवर ठिपके आले, दुसऱ्यात त्यांच्याभोवती पिवळं पडलं, तिसऱ्यात पानं गळायला लागली. गळालेल्या पानांवर पावसाचे टपोरे थेंब पडायचे आणि रोग उडून वरच्या पानांवर जायचा. थोरली लिहीत गेली. एकतीस, चोवीस, सोळा. कंबर धरायची, मांड्या भरून यायच्या, ओल्या काट्यांनी मनगटं ओरबाडून निघायची. या झाडाची कलमं तिनं शेकड्यांनी बांधली होती, पण झाड खरं कसं आहे ते ती पहिल्यांदाच बघत होती. तिला त्याची दयाही आली आणि रागही. औषधाचा डबा फळीवर हाताच्या अंतरावर होता, आणि दोन वेळा तरी तिनं फळीकडे तोंड करून श्वास रोखला. सहाव्या आठवड्यात वाफ्यात काटेरी काड्या उरल्या.

टेकडीवर ती स्वतः जाऊन आली. टेम्पो पायथ्याशी थांबायचा, पुढे पायी. वर वारा असा की डोक्यावरचं फडकं दातांत धरून बसावं लागलं. मुरमात रोपं गुडघ्याच्या वर गेली नव्हती, फुलं बटणाएवढी, पण पाऊस थांबला की पाव तासात पानं सुकत होती. शंभरातली सत्तर पानं जागेवर होती. धाकट्याला तिनं विचारलं, तू काही केलं नाहीस ना? तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही हात लावू नको म्हणालात. मी नजरसुद्धा लावली नाही." ते अगदी खरं होतं. रोपांच्या आळ्यात त्याची हरवलेली चप्पल तिला सापडली.

खाडीवरची मोजणी नणंद फोनवर सांगायची. पहिले तीन आठवडे तिचा सूर रडका होता, पानं पटापट पडताहेत म्हणायची. मग सूर बदलला. गळ थांबली, नवी पालवी स्वच्छ आहे, मागच्यापेक्षा बरी आहेत झाडं. थोरलीच्या नवऱ्यानं लगेच निदान केलं, की खाऱ्या हवेपुढे रोग टिकत नाही. दोन दिवसांत हे निदान रोपं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला कळलं, आणि तेही मान हलवून हो म्हणू लागले. टेकडी आणि खाडी मिळून दोन ठिकाणं होत होती. म्हणजे गुलाब पास. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी शीळ घातली.

थोरली मात्र वही उघडून बसली. टेकडीवर वारा होता, ते समजण्यासारखं होतं. खाडीवर तर भिंतींनासुद्धा बुरशी यायची, तिथे काळा ठिपका माघार घेतो हे तिच्या बुद्धीला पटेना. तिनं वहीतल्या तारखा बघितल्या. पानं सुधारायला लागली त्याच्या आदल्या गुरुवारी नाना तिथे पोचले होते.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. आकडे नणंदेनं सांगितलेले, तिनं फक्त लिहिलेले. कुणी तिला दोष दिला नसता. उलट सासूबाईंचं नाव गावोगाव गेलं असतं आणि नानांचं म्हातारपण सुखात गेलं असतं. चार दिवस ती या विचारात इतकी गढून गेली, की दोन डोळे तिनं उलटे बसवले, जे चौदा वर्षांत झालं नव्हतं. पाचव्या दिवशी नानांचं स्वेटर द्यायचं निमित्त काढून ती नवऱ्याच्या टेम्पोतून खाडीवर गेली.

ती मागच्या दारानं अंगणात शिरली तेव्हा नाना एका उपड्या होडीवर बसले होते. समोर सहा रोपं. नानांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ते हातांवर बसले होते. थोरली दाराआड थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या माणसानं खरंच प्रयत्न चालवला होता.

मग जावई डांबराचा डबा घेऊन आला. होडीच्या फटी कशा बुजवाव्यात यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. दोन मतं होतीच. नाना उठले, हातवारे करत समजावू लागले, बोलता बोलता रोपांच्या कडेनं चालू लागले, आणि उजवा हात खाली गेला. खुडलं, खिशात. पुन्हा खुडलं. जावयाला त्यात वावगं काही दिसलंच नाही, कारण सासरे आल्यापासून तो हे रोजच बघत होता. थोरलीनं सहा पानं मोजली आणि मगच ती पुढे आली. जावयाला तिनं चहाचं विचारायला आत पाठवलं.

"नाना," ती म्हणाली, "सहा झाली."

नानांनी हाताकडे बघितलं. बोटांत सातवं पान होतं. ते पुन्हा होडीवर बसले.

"मला कळत नाही गं. झाल्यावर कळतं."

"ताईंनी सांगितलेले आकडे मी वहीत लिहिलेत."

"माहीत आहे." त्यांनी पान बोटांत फिरवलं. मग खाडीकडे बघत म्हणाले, "राहू दे ना तसेच. दोन ठिकाणी झालं की झालं. मी काही मुद्दाम केलं नाही."

एवढी वर्षं ज्या माणसासमोर तिनं आवाज चढवला नव्हता, त्याच्यासमोर तिला उभ्याउभ्या राग आला. पण तो आवाजात आला नाही. ती त्यांच्या शेजारी होडीवर बसली.

"आईंचं नाव द्यायचंय ना त्याला?"

"हो."

"लोक हौसेनं दारात लावतील. ते काय रोज पहाटे उठून पानं खुडणार आहेत? पहिल्याच पावसात काड्या होतील. मग बायका एकमेकींना काय सांगतील? आईंचं नाव घेऊन सांगतील. ती आजारीच निघाली, उपटून टाकली. दुसरी म्हणेल, माझ्याकडचीपण तशीच, टाकली उकिरड्यावर." ती नानांकडे वळली. "आईंबद्दल असं बोललेलं चालेल तुम्हाला?"

आत नणंद कपबश्या काढत होती, त्याचा आवाज येत होता.

"ती एक दिवस अंथरुणावर पडली नाही," नाना म्हणाले. "शेवटचा सोडला तर."

"तेच म्हणते मी."

ओहोटी लागली होती, कडेच्या होड्या एकेक करून चिखलात टेकत होत्या. नानांनी खिसा उलटा केला आणि सगळी पानं दोघांच्या मध्ये होडीवर काढून ठेवली. तपासनीस बाई कधी येणार ते त्यांनी विचारलं. मग विचारलं, खाडीची मोजणी कुठल्या तारखेपासून धरायची नाही? ती म्हणाली, तुम्ही आलात तेव्हापासून. तसं लिही, ते म्हणाले, आणि चहा न घेता टेम्पोत जाऊन बसले. नणंदेला वाटलं वहिनीनं काहीतरी लावालावी केली, आणि ती पुढचे दोन महिने थोरलीशी तुटक बोलत होती.

पाऊस ओसरल्यावर तपासनीस बाई आल्या. आधी घरच्या वाफ्यापाशी गेल्या. काड्यांना शेंड्याशी थोडी नवी पालवी फुटली होती आणि तिच्यावरही ठिपके सुरू झाले होते. बाईंनी वही वाचली. खाडीच्या पानांवर तिरकी रेघ होती आणि बाजूला थोरलीच्या अक्षरात लिहिलं होतं, हात लागला.

"कुणाचा?" बाईंनी विचारलं.

थोरली तोंड उघडणार तोच नाना म्हणाले, "माझा. सुरुवातीला इथेही माझाच."

बाईंनी मग सगळं विचारून घेतलं. रोज किती पानं काढता, किती वेळ लागतो. नानांना काहीच सांगता येईना. ते शाळेत उभं केल्यासारखे उभे होते. थोरलीनं सांगितलं, रोज तीस-चाळीस पानं, पावसात दुप्पट, आणि ती या घरात आल्यापासून या पावसाळ्यापर्यंत एकही दिवस चुकला नाही. बाईंनी वही मिटली. सगळीकडे हा गुलाब देता येणार नाही, त्या म्हणाल्या. टेकडीचे आकडे चांगले आहेत, तेव्हा उंच, कोरड्या जागांच्या यादीत घालता येईल. ती यादी छोटी असते आणि ती फारसं कुणी चाळत नाही. मग जरा अवघडून त्यांनी सुचवलं, की पत्नीचं नाव पुढे एखाद्या दणकट वाणासाठी राखून ठेवलं तरी चालेल.

दणकट वाण तयार करायला आणखी अकरा वर्षं लागतात, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"तिचंच द्या," ते म्हणाले. "आणि खाली लिहा, वारा लागेल अशाच जागी लावा. बंद जागेत तिला करमत नाही."

बाईंनी नाव लिहिलं. खालची सूचना लिहिताना शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं, पण थोरलीकडे बघून नीट मान डोलावली.

गाडी गेल्यावर नवरा खुंटांची जुडी आणायला गेला आणि अंगणात ही दोघंच राहिली. नाना वाफ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले होते. खाडीवरून आल्यापासून ते असेच चालत होते, आणि रात्री खांदे दुखतात म्हणून तेल मागायचे.

"मोजणी संपली ना?" त्यांनी विचारलं.

"संपली."

"मग आता तोडू का?"

चौदा वर्षांत त्यांनी तिला कशासाठीही विचारलं नव्हतं. तोडा की, ती म्हणाली.

नानांनी हात सोडवले आणि पहिल्या रोपावर वाकले. हात पालवीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी एक पान बोटांत धरलं, सोडलं, दुसरं धरलं, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. थोरली बघत होती. जो हात गप्पा मारता मारता, अंधारात, झोपेत असल्यासारखा अचूक पान काढायचा, तो आता घराचं दार चुकल्यासारखा फांदीवर फिरत होता.

"सूनबाई," ते वाकलेलेच म्हणाले, "जरा बघ गं. हे ठिपक्याचंच आहे ना?"

ती त्यांच्या शेजारी चिखलात बसली आणि पान उजेडाकडे वळवून बघितलं.

"नाही नाना," ती म्हणाली, "हे चांगलं आहे." आणि त्यांचं बोट धरून शेजारच्या पानावर ठेवलं.